नेदरलँड्समधल्या बेमस्टर भागातली पिरॅमिडसारख्या छपराची शेतघरं, एवढं उंच छप्पर कशाला?

प्रश्न: आम्स्टरडॅमहून सायकलने वेस्टबेमस्टरला जाऊन आलो. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, कडेला चर, आणि मोकळ्या कुरणात एकेक चौकोनी घर, छप्पर केवढं उंच! असं का बांधतात?

उत्तर १: अशा घराला स्टोल्प म्हणतात. मधे जाड लाकडी खांबांचा चौक, त्यात पार वरपर्यंत वाळलेलं गवत रचायचं, कडेने गोठा आणि एका बाजूला राहायच्या खोल्या, म्हणजे माणसं गुरं वैरण सगळं एकाच छपराखाली आणि हिवाळ्यात वैरण हाताशी. शाकारलेल्या छपरात दर्शनी बाजूला कौलांचा नक्षीदार तुकडा दिसला का? त्याला ते आरसा म्हणतात, मला तो फार आवडतो.

उत्तर २: सरळ रस्त्यांचं कारण म्हणजे तिथे आधी तळंच होतं, पवनचक्क्यांनी पाणी उपसून १६१२ ला कोरडं केलं, त्याआधी १६१० मध्ये वादळाने बांध फुटून सगळं परत भरलं होतं तरी सोडलं नाही लोकांनी! १९९९ पासून बेमस्टर जागतिक वारसा आहे.

उत्तर ३: आता बऱ्याच स्टोल्पमध्ये गुरं नाहीत, नुसती राहायची घरं झालीत. वाईट वाटतं, पण छप्पर टिकलं हे महत्त्वाचं.

प्रश्नकर्ता: आरसा दिसला होता, फोटोत आहे!