मदत हवी आहे: स्पोकन इंग्लिश शिकवतोय, पण कुठलं शिकवू?

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचा छोटा क्लास घेतो. पोरं पंधरा-सोळा. निम्मी केळीच्या पॅकहाऊसवर कामाला, दोघी नर्सिंगच्या, बाकी कॉलेजातली. पालकांची मागणी एकच: "सर, अमेरिकन ॲक्सेंट आला पाहिजे." मलाच येत नाही, तो भाग वेगळा.

परवा पॅकहाऊसवरच्या एका पोराने आखातातल्या खरेदीदाराला फोनवर खोक्याचं वजन सांगितलं, 'थर्टीन' किलो. त्याने ऐकलं 'थर्टी'. व्याकरण बिनचूक होतं, जोर चुकला. 'टीन' लांबवून, दाबून म्हणायचं असतं. आपण सगळा शब्द सपाट म्हणून मोकळे. बरं, समोरचाही इंग्रज नव्हता, इजिप्तचा होता. तो स्वतः 'पार्किंग'ला 'बार्किंग' म्हणतो, कारण अरबीत प नाही. आता या दोघांच्या मध्ये अमेरिका कुठून आली?

शोधताना भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेंकिन्स यांचं 2000 सालचं काम सापडलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या दोघांचं बोलणं नेमकं कुठे अडतं, ते त्यांनी तपासलंय. 'थिंक'मधला थ आपल्या पद्धतीने म्हटला तरी चालतं. अडतं ते स्वर आखूड-लांब नीट न म्हटल्यामुळे, आणि शब्दाच्या सुरुवातीचा प, ट, क हवा न सोडता म्हटल्यामुळे (आपला 'पॅक' समोरच्याला 'बॅक' वाटू शकतो). ऱ्हस्व-दीर्घ तर आपण लिहिण्यापुरतंच पाळतो. माझ्या वर्गात 'शिप' आणि 'शीप' एकाच गोठ्यात बांधलेत.

म्हणून मी थ सोडून दिला. तर एक पालक म्हणाले, "मग फी कशाची घेता?"

ही पोरं केळीला 'केयी' म्हणतात. शाळेत त्यावरून हसं झालेलं, त्यामुळे आधीच तोंड उघडत नाहीत. म्हटलं, जीभ कमी दुरुस्त करू, कान तयार करू. एकाच तासात फिलिपिनो, नायजेरियन, अरब अशी तिघांची रेकॉर्डिंग लावली, तर निम्मा वर्ग खाली बघत बसला.

तर विचारायचं हे: नवशिक्यांना आधी एकच आवाज महिनाभर ऐकवावा, की सुरुवातीपासून मिसळ चालेल? नर्सिंगच्या मुलींना आयईएल्ट्स (परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा) द्यायची आहे, तिथे ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन असे उच्चार येतात. त्यांना वेगळं बसवू का? आणि संथ बोललेली, सोबत लिहिलेला मजकूर असलेली रेकॉर्डिंग कोणाला माहीत असतील तर सांगा. डाउनलोड होणारीच हवीत, क्लासात रेंज नाही.