शब्दचर्चा: 'संप' होता म्हणजे नक्की काय होतं?

मधली_आळी:
अहमदाबादच्या गिरणी कामगारांवरचा एक गुजराती लेख मराठीत करतेय. १९१८ चा लढा, गांधीजी, अनसूयाबेन साराभाई वगैरे. त्यात एका ठिकाणी 'मजूरोमां संप हतो' असं आलं आणि मी काही विचार न करता 'मजुरांचा संप होता' लिहून मोकळी झाले. माझ्या जाऊबाई गुजराती, त्यांनी वाचलं आणि हसत सुटल्या. त्यांच्याकडे संप म्हणजे एकी! 'संप त्यां जंप' अशी म्हणच आहे म्हणे, एकी तिथे शांतता. आपल्याकडे संप झाला की शांतता सोडून बाकी सगळं होतं. काम बंद करण्याला ते हडताळ म्हणतात. आता लेखकाने पुढे दोन्ही शब्द एकत्र खेळवलेत, संप होता म्हणून हडताळ टिकली अशा अर्थाचं. 'एकी होती म्हणून संप टिकला' हे सरळ आहे पण त्यात मजा जाते. काही सुचतंय का?

खडूस_आजोबा:
हडताळला हरताळ लिहा, झालं. अस्सल शब्द आहे. तत्त्वांना फासतो तोच.

पितळी_डबा:
आजोबा, तो 'तोच' नाही हो. फासायचा हरताळ म्हणजे पिवळं खनिज, पोथी लिहिताना चूक झाली की त्यावर तो फासून अक्षर खोडायचे. दुकानांचा हरताळ म्हणजे हाटाला टाळं. दोन वेगळे शब्द एकाच कपड्यात फिरतायत. आणि हरताळ 'पाळतात', संप 'करतात'. गिरणी कामगारांनी हरताळ पाळला असं म्हटलं तर मला कापड बाजारातले शेटजी फळ्या लावून बसलेले दिसतात.

काळाचौकीचा_नातू:
आमच्या घरात संप हा शब्द संपणे वरूनच आला अशी ठाम समजूत होती. आजोबा मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर, विणकामाला. १८ जानेवारी १९८२ ला बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. आज्जी कॅलेंडर मानायचीच नाही, तिचं सगळं 'संपाच्या आधी' नाहीतर 'संपात'. संपात डाग मोडले, संपात थोरलीचं लग्न उरकलं, संपात गावाला गेलो. माझ्या काकाच्या मुलाचं वय विचारलं तर 'संपात पोटात होता' एवढंच उत्तर. अडीच लाख लोक होते बाहेर. आणि गंमत म्हणजे तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही, म्हणजे व्याकरणाने बघायला गेलं तर अजून 'संपात' चालूच आहे, त्यामुळे संपणे वरून आला म्हणायलाही जागा नाही.

पितळी_डबा:
संपणे वरून नसणार. पण वाईट वाटलं वाचून.

शेवंती७:
नातू यांच्या बोलण्यावरून सुचलं, संपाबरोबर क्रियापदं कुठली येतात बघा. संप फुटला. संप फोडला. फुटाफूट कशात होते, एकीत. काम बंद 'फुटत' नाही, फुटते ती माणसांची एकजूट. म्हणजे गुजरातीतला जुना अर्थ आपल्या क्रियापदात अजून लपून बसलाय. मधली_आळी ताई, तुमचं उत्तर यातच कुठेतरी आहे.

मधली_आळी:
वा! हे आवडलं. 'फुटला नाही म्हणून टिकला' असं काहीतरी?

धोटा:
एकीचं फार कौतुक चाललंय म्हणून लिहितो. माझे पणजोबा गिरणीत होते पण साच्यावर कधीच नाही, सगळी हयात त्रासनमध्ये गेली. का, तर धोट्यातली, म्हणजे मागावर आडवा धागा नेतो त्या लाकडी तुकड्यातली, सुताची कांडी संपली की नवी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालायचा नाही. पगार जास्त साच्यावर. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा काढला होता की मागण्यांमध्ये आमच्या लोकांना विणकाम खातं उघडं करा हेही घाला. सहा महिने चालला तो संप. तेव्हा 'संप' होता की 'हडताळ' होती ते तुम्हीच ठरवा. आमच्या माळ्यावर एक धोटा आहे, दोन्ही टोकांना लोखंडी अणकुची, मधे गुळगुळीत लाकूड. लहानपणी त्याची होडी करायचो. आता हातात घेतला की पहिलं लक्ष त्या भोकाकडे जातं.

खडूस_आजोबा:
मुद्दा मान्य. पण 'त्रासन' हा काय शब्द आहे? त्रास होतो म्हणून?

धोटा:
घरात तसंच सांगायचे, त्रास म्हणून त्रासन. सूतकताईचं खातं.

पितळी_डबा:
थ्रॉसल! कताईच्या यंत्राला इंग्रजीत थ्रॉसल म्हणायचे, म्हणजे गाणारा पक्षी, कारण यंत्र चालताना शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. लँकेशायरच्या माणसाला त्यात पक्षी ऐकू आला आणि परळच्या माणसाला त्रास.

काळाचौकीचा_नातू:
बरोब्बर. आणि आजोबांना शेवटी काहीच ऐकू यायचं नाही, साच्याच्या खडखडाटाने कान गेलेले. आमच्याकडे सगळे ओरडूनच बोलतात अजून.

खडूस_आजोबा:
हेच म्हणतो मी, सगळी उसनवारी. सूतकताई विभाग म्हणायला काय झालं होतं?

शेवंती७:
आजोबा, 'विभाग' कागदावर, 'खातं' तोंडात. आमचे बाबा 'बदली' होते. माझ्या अमेरिकेतल्या भाचीने शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलं की आजोबांची वारंवार ट्रान्सफर व्हायची. अगं, ट्रान्सफर नाही, बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळेला गेटवर उभं राहायचं, कोणाचा खाडा असेल तर त्याच्या जागी आत, नाहीतर डबा घेऊन घरी. तो डबा घरी येऊन उघडायचे तेव्हा आई काही बोलायची नाही. आता यातल्या बदलीला, खाड्याला, पाळीला शुद्ध शब्द द्या बघू.

खडूस_आजोबा:
खाडा शुद्धच आहे.

शेवंती७:
हो, माणूसच हजर नसतो फक्त.

साबरमती_ते_मुठा:
उशिरा आलो. मधली_आळी, एक महत्त्वाचं. १९१८ ला आधी हडताळ नव्हतीच, २२ फेब्रुवारीला मालकांनी टाळेबंदी केली. प्लेगच्या वेळी माणसं पळून जाऊ नयेत म्हणून दिलेला बोनस काढून घेतला त्यावरून. मालक २० टक्के पगारवाढ म्हणत होते, मजूर ५०, गांधीजींनी ३५ वर आणलं. मार्चमध्ये मालकांनी दरवाजे उघडले, तरी लोक आत गेले नाहीत, तिथून पुढे हडताळ. तेव्हा सरसकट 'संप' लिहाल तर चूक होईल. आणि मालकांचा पुढारी अंबालाल, मजुरांच्या बाजूने त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन, मग त्या घरात 'संप' होता का हाही प्रश्न आहेच.

काळाचौकीचा_नातू:
हाहाहा. माणसं एकमेकांकडे जेवायला जायची म्हणे तरी.

मधली_आळी:
टाळेबंदीची चूक खरंच झाली होती, सुधारते, आभार. बाकी अजून अडकलेलीच आहे. 'मजूर फुटले नाहीत म्हणून संप टिकला' लिहिलंय सध्या. जाऊबाईंना ऐकवलं तर त्या म्हणाल्या 'फुटले' म्हणजे काय, मजूर काय फटाके आहेत?

धोटा:
त्यांना सांगा, गिरणगावात फटाक्यापेक्षा मोठा आवाज व्हायचा एकेक माणूस फुटला की.

खडूस_आजोबा:
धोट्याचा फोटो टाका हो, लाकूड कुठलं असतं ते बघू.