येऊरच्या ओढ्यातला हा बेडूक कोणता? मदत हवी आहे

मंडळी, रविवारी पहाटे लेकीसोबत ठाण्याजवळच्या येऊरला गेले होते. पाऊस नुकताच थांबला होता. ओढ्याच्या कडेच्या उभ्या, शेवाळलेल्या कातळावर पाण्याचा नुसता पातळ पापुद्रा होता आणि त्यावर काहीतरी वळवळत होतं. आधी मला जळवा वाटल्या (पाय आपोआप दोन पावलं मागे!). नीट पाहिलं तर बेडकाची पिल्लं, शाळेच्या पुस्तकातले भैकेर. डबक्यात नाहीत, चक्क दगडावर! लांब शेपूट, मागचे पाय फुटलेले. लेकीने बोट जवळ नेलं तर टणकन उडाली.

शेजारी पाचोळ्यात एक तपकिरी बेडूक होता. बोटांच्या टोकाला छोट्या चकत्या, पाठीवर तुटक घड्या. माझा अंदाज इंडिराना लीथी या जातीचा. पश्चिम घाटाबाहेर न सापडणाऱ्या इंडिराना गटातल्या बेडकांची पिल्लं अशीच ओल्या कातळावर वाढतात, आणि १८८८ मध्ये बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञाने लीथी जातीचं वर्णन केलं ते माथेरानच्या बेडकांवरून, म्हणजे आपल्या शेजारच्याच डोंगरावरून.

पण फोटो हलले आहेत. पुन्हा जायचंय, तर नेमके कुठले भाग टिपू? पोट, मांडी की बोटांमधला पडदा? हातात न धरता हे कसं जमतं? आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला तर ओळख पटेल का?

नेमकी जागा इथे लिहीत नाही, गर्दी होते.