मदत हवी आहे: द्राक्षांच्या बॉक्समागे १० रुपये पक्ष्यांसाठी द्यायचेत, कुणाला आणि कसे द्यावेत?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते. गोडी छाटणी (फळासाठीची द्राक्षांची छाटणी) पंधरा दिवसांवर आलीये, एकदा कामं सुरू झाली की मोबाईल हातात धरायला वेळ मिळत नाही, म्हणून आज बसलेच. जरा मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

आमची शेती निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यापासून जेमतेम चार किलोमीटर. साडेपाच एकर द्राक्षबाग, बाकी गहू, हरभरा, कांदा आणि घरापुरती बाजरी. एकत्र कुटुंब आहे, नाना (माझे सासरे), सासूबाई, आम्ही दोघं आणि दीर-जाऊ. चार वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने पैसे बुडवले तेव्हा मी आणि जाऊ आम्ही दोघींनी नाशिकला सोसायट्यांमधे थेट बॉक्स द्यायला सुरुवात केली, इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा वगैरे. गेल्या सीझनला २ किलोचे साधारण ११०० बॉक्स गेले. माल बागेतून तोडला की दुसऱ्या दिवशी दारात, लोक खूश आहेत.

आता मुद्दा. प्रत्येक बॉक्समागे १० रुपये जंगली पक्ष्यांच्या कामासाठी बाजूला काढायचे असं आम्ही दोघींनी ठरवलंय. कारण विचाराल तर आमच्या दाराशीच एवढं आहे. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, त्यात वर्षानुवर्षं गाळ साचून बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी यायला लागले. १९८६ ला अभयारण्य झालं, २०२० मधे रामसरच्या, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. थंडीत पहाटे पाण्याची बारी द्यायला गेलं की चक्रवाकाचा आवाज बांधावर ऐकू येतो, आणि काही वर्षी क्रौंचांचे थवे कापणी झालेल्या रानात उतरतात, लांबून बघितलं तर राखी रंगाची शेळ्या-मेंढरं चरतायत असं वाटतं. पुण्या-मुंबईहून लोक गाड्या करून बघायला येतात आणि आम्ही मात्र पक्ष्यांना फक्त हाकलतो, द्राक्ष खातात म्हणून.

आणि खरं सांगायचं तर नुसतं हाकलत नाही. मण्यात साखर उतरायला लागली की बुलबुल, साळुंक्या, पोपट येतात, त्यासाठी आम्ही पण सगळ्यांसारखी बारीक नायलॉनची जाळी लावतो. मागच्या फेब्रुवारीत सकाळी सातला मी शेवटच्या ओळीकडे गेले तर जाळीत पिंगळा, ते छोटं घुबड. रात्री उंदरामागे आला असणार. एक पंख जाळीत पिळून पिळून दोरीसारखा झालेला, पायाच्या बोटांत धागा रुतलेला, आणि डोळे पूर्ण उघडे, पिवळे, माझ्याकडे लावलेले. आवाज अजिबात नाही, फक्त चोच टकटक वाजवत होता. सासूबाईंनी पदर टाकून त्याला धरलं आणि मी विरळणीच्या कात्रीने एकेक धागा कापला, वीस मिनिटं तरी लागली असतील. नशिबाने पंख मोडला नव्हता. पाटीखाली अंधारात ठेवला, संध्याकाळी पाटी उचलली तर बसला थोडा वेळ आणि मग उडून बाभळीवर गेला. पण त्याच आठवड्यात पलीकडच्या ओळीत दोन साळुंक्या आणि एक कोतवाल मेलेले सापडले, ते आम्हाला वेळेवर दिसलेच नाहीत.

तेव्हापासून मला झोप लागत नाही असं म्हटलं तरी चालेल, कारण त्याच सीझनला आमच्या बॉक्सवर क्रौंचाचं चित्र होतं! त्या वर्षी आम्ही एका संस्थेला ११ हजार दिले होते, ओळखीतून आलेले लोक होते, छान बोलले, चित्र पण त्यांनीच दिलं. पावती आजपर्यंत मिळाली नाही, फोन उचलत नाहीत. गंगापूर रोडच्या एका काकूंनी विचारलं, "अगं ते पैसे नेमके कुठे जातात?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकू काही रागाने बोलल्या नाहीत, सहज विचारलं, पण मला फार लागलं ते.

नानांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात पाखरू त्याच्या वाट्याचं खाऊन जातं, तुम्ही वर आणखी पैसे कशाला देता, द्यायचेच तर आपल्या गावात द्या, डोळ्यांसमोर दिसतील. दीर म्हणतात मोठ्या नावाच्या संस्थेला द्या, बॉक्सवर नाव छापता येईल. त्यांनी कुठेतरी वाचलं की इंग्लंडला लिंकनशायरमधे वाईन हाऊस फार्म म्हणून घरचीच शेती आहे, ते लोक पक्ष्यांचं खाद्य पिकवून विकतात आणि २००७ पासून विक्रीतला वाटा तिथल्या वाइल्डलाइफ ट्रस्टना देतात. म्हणून आपण पण बाजरीची पाकिटं पक्षीखाद्य म्हणून विकू असं त्यांच्या डोक्यात आहे. मला ते पटत नाही, आपल्याकडे बाल्कनीत बाजरी टाकली की कबुतरंच येतात आणि कबुतरांना आपल्या मदतीची काही गरज नाही. पण मी चुकत असेन तर सांगा.

तर मला विचारायचंय ते असं. संस्था खरी आहे हे कसं ओळखायचं, कुठले कागद मागायचे? मोठ्या संस्थेला द्यावं की नाशिकमधल्या छोट्या कामाला? बॉक्सवर काय छापलं तर ते खोटं होणार नाही? कर वगैरे काही भानगड आहे का? आणि जाळीचं काय करू, कारण जाळी न लावता बाग राखणं आम्हाला शक्य नाही, आणि अशी जाळी लावून बॉक्सवर पक्षी छापणं आता मला शक्य नाही.

कुणी असं केलं असेल तर प्लीज अनुभव सांगा.

– कादवाकाठची सून

हिशोबनीस: ताई, कागदांचं मी सांगतो, हेच काम करतो. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र, आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणाऱ्याला करसूट) ची नोंदणी, आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब, एवढं मागा. खरी संस्था हे द्यायला कधीच कुरकुर करत नाही, उलट तुम्ही विचारलं याचा त्यांना आनंद होतो. जी संस्था "विश्वास नाही का आमच्यावर" म्हणते तिथून उठून या. पैसे बँकेतूनच द्या, २००० च्या वर रोख दिले तर ८०जी ची सूट तशीही मिळत नाही. आणि तुमचं उत्पन्न शेतीचं, त्याला आयकर नाही, त्यामुळे तुम्हाला सवलतीचा तसा उपयोग नाही, त्या मोहाने संस्था निवडू नका. घरात कुणाचं दुसरं करपात्र उत्पन्न असेल आणि ते जुन्या कररचनेत असतील तरच तो विचार.
बॉक्सवर "नफ्यातला वाटा" असं अजिबात छापू नका. द्राक्षात नफा कधी होतो कधी नाही, लोकांना काय सांगणार? "या बॉक्समागे १० रुपये" हे मोजता येतं. सीझन संपला की किती बॉक्स गेले, किती रक्कम दिली आणि पावतीचा फोटो, ग्राहकांच्या ग्रुपवर टाका. त्या काकूंना आधी पाठवा. संस्थेचं नाव किंवा चिन्ह छापायचं असेल तर लेखी परवानगी घ्या.

पाणकावळा: वहिनी, पिंगळ्याला अंधारात ठेवलंत आणि तोंडात पाणी घातलं नाहीत हे अगदी बरोबर केलंत, लोक हमखास पाणी पाजतात आणि ते श्वासनळीत जाऊन पक्षी दगावतो. पुढे कधी जखमी सापडला तर १९२६ ला फोन करा, वनखात्याची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाईन आहे. घरी जास्त दिवस ठेवू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते चालत नाही.
पैशाचं माझं मत नानांसारखं आहे. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) सारखी १८८३ पासूनची संस्था मोठं काम करते, गिधाडांचं हरियाणातलं पिंजोरचं प्रजनन केंद्र बघा, त्यांना दिलेले पैसे वाया जाणार नाहीत. पण ११ हजारात नांदूरमध्यमेश्वरला जे होईल ते डोळ्यांनी दिसेल. अभयारण्यालगतच्या गावांत वनखात्याच्या परिसर विकास समित्या असतात, गाईडचं काम करणारी पोरं तुमच्याच भागातली आहेत, त्यांच्यासोबत वनअधिकाऱ्यांना भेटून कशाची गरज आहे ते विचारा. पैसे मात्र समितीच्या खात्यातच, कुणा एकाच्या हातात नाही.
बाजरीच्या पाकिटांबद्दल तुमचंच बरोबर. आणि घरी गुरं असतील तर दुखण्यावर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅमच मागा, बाकीची काही वेदनाशामकं दिलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडं मरतात. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ ला बंद झालं, एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन २०२३ ला. अंजनेरीच्या कड्यावर अजून गिधाडं राहतात, त्यांच्यासाठी यात एक रुपया पण खर्च नाही.

दिंडोरीचा थॉमसन: ताई मी पण बागायतदार, जाळीचं मी सांगतो. तुम्ही जी लावता ती मासेमारीसारख्या बारीक धाग्याची असणार, ती पक्ष्याला दिसत पण नाही आणि ढिली असते म्हणून गुंडाळली जाते. जाड धाग्याची, पांढरी, आणि भोक इतकं बारीक की करंगळी आत जाणार नाही अशी घ्या. महाग आहे, पण नीट गुंडाळून ठेवली तर अनेक सीझन जाते, बारीकवाली एका वर्षात फाटते. लावताना ताणून बांधा, खालची कड जमिनीलगत बंद करा म्हणजे आत शिरून अडकणार नाही. पहाटे आणि दिवस मावळताना एक चक्कर मारायचीच. माल तोडला की त्याच दिवशी जाळी काढा, आमच्याकडे सगळ्यात जास्त पक्षी मरायचे ते तोडणीनंतर लोंबत राहिलेल्या जाळीत.
पिंगळा येतो म्हणजे उंदीर आहेत. उंदराचं औषध टाकत असाल तर थांबवा, विष खाल्लेला उंदीर पिंगळ्याने खाल्ला तर तो पण जातो. हरभऱ्यात इंग्रजी टी सारखे पक्षीथांबे लावा, कोतवाल बसून घाटेअळी टिपतो.

कादवाकाठची सून: सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस घरात हाच विषय चाललाय. तोडणीनंतरच्या जाळीचं वाचून नाना एकदम गप्प झाले, कारण आमची एप्रिलपर्यंत तशीच लोंबत होती. मग स्वतःच म्हणाले, यंदाचे बॉक्सचे पैसे आधी जाळीला घाला. मी नाही म्हटलं, जाळी हा बागेचा खर्च, तो आपला आपण करायचा, लोकांनी पक्ष्यांसाठी म्हणून दिलेल्या दहा रुपयांतून नाही. यावर बरंच झालं, पण सासूबाई माझ्या बाजूने बोलल्या आणि विषय मिटला. साडेपाच एकराला एकदम परवडणार नाही, म्हणून यंदा पाण्याकडच्या दोन एकराला नवी जाळी आणि बाकीच्या ठिकाणी सकाळ-संध्याकाळ चक्कर, सकाळची माझी आणि संध्याकाळची जाऊबाईंची.

क्रौंचाचे छापलेले तीनशे रिकामे बॉक्स अजून शेडमधे पडून आहेत, ते वापरणार नाही. हिशोबनीस दादा, समितीला पैसे दिले तर पावतीवर नेमकं काय लिहून घ्यायचं तेवढं सांगाल का? आणि दिंडोरीच्या दादांनी जाळी कुठून घेतली ते कळवलं तर बरं होईल, शनिवारी पिंपळगावला जाणार आहोत, तिथे मिळत असेल तर नमुना बघूनच येईन, करंगळी घालून.