सिलिंडर हेडच्या कामात व्हॉल्व्ह सीटचा कोन बदलावा का?

प्रश्न : सेलू, जि. परभणी

नमस्कार. आमच्या तीन सिलिंडरच्या डिझेल ट्रॅक्टरचे हेड उतरवले आहे. गळीत हंगामात हा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो, त्यामुळे इंजिनावर तासन्‌तास पूर्ण लोड असतो. एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेची) कड जळाली असून त्याच्या सीटवर (झडप मिटताना जिथे टेकते त्या गोल कडेवर) काळे खड्डे पडले आहेत. ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये इनटेक (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सीटचा कोन ३० अंश आणि एक्झॉस्टचा ४५ अंश दिला आहे. आमच्या मिस्त्रींचे म्हणणे मात्र असे की सगळ्याच सीट ४५ अंशांत कापाव्यात, म्हणजे व्हॉल्व्ह घट्ट बसतात आणि पुन्हा जळत नाहीत. कोन बदलावा का, आणि बदलू नये तर का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : लातूर

कोन बदलू नये. मिस्त्रींच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते एक्झॉस्टपुरतेच. ४५ अंशांच्या सीटवर व्हॉल्व्ह पाचरीसारखा बसतो, त्यामुळे स्प्रिंगचा जोर तेवढाच असूनही सीटवर येणारे बल ३० अंशांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त असते आणि मध्ये आलेली काजळी चिरडली जाते. इनटेकची गरज वेगळी आहे. व्हॉल्व्ह नुकताच उघडत असताना, तेवढ्याच लिफ्टला (व्हॉल्व्ह सीटपासून उचलला जातो त्या अंतराला) ३० अंशांच्या सीटवर हवेला जवळपास तितक्याच प्रमाणात मोठी वाट मिळते. शिवाय बसताना घासणे कमी होत असल्याने सीटची झीजही कमी होते. ३० अंशांचा व्हॉल्व्ह ४५ अंशांच्या सीटवर ठेवला तर तो केवळ कडेला, एका रेषेवर टेकेल, आणि व्हॉल्व्हच ४५ अंशांत घासायला गेलात तर त्याची कड पातळ होईल.

व्हॉल्व्ह जळण्याचे कारण आधी सीटच्या रुंदीत शोधावे, असे माझे ठाम मत आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतांश उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. सीट फार अरुंद असली तर ही उष्णता अडते. फार रुंद असली तर दाब विभागला जातो आणि काजळी तिथेच ठाण मांडते. मॅन्युअलमध्ये आकडा नसेल, तर एक्झॉस्टला दीड ते दोन मिलिमीटर आणि इनटेकला साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर रुंदी ठेवावी. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांमधली फट) कमी ठेवल्यानेही गरम झालेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो, हेही लक्षात असू द्यावे.

उत्तर : वाळूज, छत्रपती संभाजीनगर

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु सीटच्या आधी गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यांत सरकते त्या नळ्या) तपासावेत. सीट कापणाऱ्या कटरचा पायलट (त्याला मध्यावर धरणारी दांडी) गाईडमध्येच बसतो. गाईड झिजलेला असेल तर सीट तिरकी कापली जाते आणि कोन कितीही अचूक असला तरी गॅस गळतो.

४५ अंशांची सीट कापल्यानंतर तिच्यावर निळ्या शाईचा पातळ हात देऊन व्हॉल्व्ह हलका दाबून पाहावा. शाईचा पट्टा व्हॉल्व्हच्या बाहेरच्या कडेकडे उमटला, तर ३० अंशांच्या कटरने सीटची वरची कड उतरवावी; आतल्या बाजूला उमटला, तर ६० अंशांच्या कटरने खालून घ्यावे. पट्टा सलग हवा, कुठेही तुटता कामा नये. ३० अंशांच्या इनटेक सीटसाठी हेच काम वरून १५ आणि खालून ६० अंशांच्या कटरने होते.

खड्डे खोल असतील तर सीट कापत राहू नये. व्हॉल्व्ह हेडच्या पातळीपासून जास्त आत गेला की कॉम्प्रेशन घटते, डिझेल इंजिन सकाळी उशिरा पकडते आणि स्प्रिंगही ढिली पडते. मॅन्युअलमधील मर्यादा ओलांडली जात असेल, तर नवी सीट रिंग बसवून घेणेच शहाणपणाचे ठरेल.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. व्हॉल्व्ह आणि सीट यांच्या कोनांत अर्ध्या अंशाचा फरक ठेवावा, असेही काही जण सुचवतात. ते योग्य आहे का?

उत्तर : लातूर

मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तरच ठेवावा. सीट ४५ आणि व्हॉल्व्ह साडेचव्वेचाळीस अंशांचा असेल, तर तो आधी ज्वलनकक्षाच्या बाजूच्या कडेवर टेकतो आणि गॅस फटीत शिरत नाही. असे ग्राइंडिंग केल्यास नंतर पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासू नये, कारण मुद्दाम ठेवलेला फरक त्याने नाहीसा होतो. हेड बसवण्यापूर्वी पोर्टमध्ये (हेडमधील हवेच्या व धुराच्या वाटेत) रॉकेल ओतून थोडा वेळ थांबावे. व्हॉल्व्हच्या कडेने थेंबही झिरपत नसेल, तरच पुढे जावे.