१८५४ च्या जर्मन स्थलांतरितांच्या जहाजाचा देखावा: मापं आणि तपशील हवेत

गोदाकाठ_नाशिक:
नमस्कार मंडळी. नाशिकला आमच्या शाळेच्या इतिहास प्रदर्शनात नववीची मुलं १८५४ साली ब्रेमेनच्या ब्रेमरहाफेन बंदरातून न्यूयॉर्कला निघालेलं शिडाचं जहाज दाखवणार आहेत. जागा दहा बाय बारा फूट, सुतार सोमवारी येणार. झोपायच्या फळ्यांची मापं काय घ्यावीत? खायला काय आणि किती असे? शेवटी मुलं एलिस बेटावर उतरतात आणि मागे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, असं ठरवलंय. ते बरोबर आहे ना?

डोलकाठी:
ताई, पुतळा आणि एलिस बेट दोन्ही काढा. पुतळा १८८६ चा आणि एलिस बेटावरचं स्थलांतरितांच्या नोंदणीचं केंद्र १ जानेवारी १८९२ ला सुरू झालं. त्याच्या आधी उतारूंना कॅसल गार्डनमध्ये घेत, पण तेसुद्धा ऑगस्ट १८५५ मध्ये उघडलं. त्यामुळे तुमचं जहाज स्टेटन आयलंडला क्वारंटाइनची तपासणी आटोपून सरळ मॅनहॅटनच्या धक्क्याला लागणार.

धक्क्यावर वाट बघत असत ते दलाल. त्यांना 'रनर' म्हणत. त्यांतले बरेच जण जर्मन बोलणारे, म्हणून नवख्याला आपला माणूस भेटल्यासारखं वाटे. रनर पेटी खांद्यावर टाकून चालू लागे, मालक मागे धावे. खानावळीत दोन दिवस काढले की भलतंच बिल पुढे येई आणि ते चुकतं होईपर्यंत पेटी अडकवून ठेवत. रेल्वेची तिकिटं दुप्पट दराने विकत, कधी खोटीच देत. हे थांबवायला कॅसल गार्डन काढलं: आत नोंदणी, पैसे बदलायची सोय, रेल्वेची खिडकी, आणि रनरला दार बंद. देखावा १८५६ चा केलात तर शेवट सोपा होईल, पण मी म्हणेन १८५४ च ठेवा. पेटी घेऊन निघालेला रनर आणि मागे धावणारं कुटुंब, एवढं पुरे.

सुताराची_पट्टी:
मापांच्या आधी एक गोष्ट मुलांना नीट समजावून सांगा: ही जहाजं मुळात मालाची. बाल्टिमोरहून तंबाखू ब्रेमेनला यायचा, न्यू ऑर्लिन्सहून कापूस फ्रान्समधल्या ल हाव्र बंदराला. परतीला तेवढा माल मिळत नसे, म्हणून रिकाम्या मधल्या मजल्यावर फळ्यांचे माचे ठोकून माणसं भरत. पलीकडे उतरली की माचे उखडायचे आणि पुन्हा माल. म्हणून लाकूड कच्चंच दिसू द्या, पॉलिश नको, रंग नको. सातपूर-अंबडकडे यंत्रांच्या पॅकिंगच्या पेट्यांचं जुनं पाइन मिळालं तर उत्तम.

मार्च १८५५ च्या अमेरिकी कायद्याने माणशी ६ फूट लांब, २ फूट रुंद जागा, माच्यांचे दोनच थर आणि मजल्याची उंची किमान ६ फूट असं ठरलं. नाशिकरोडहून जाणाऱ्या गाडीतला स्लीपरचा बर्थ जवळपास एवढाच असतो. तुमच्या १८५४ च्या जहाजात मात्र ६ बाय ६ च्या एका माच्यावर चार-पाच जण, मध्ये आडोसा नाही.

तुमची १२ फुटांची भिंत धरा. तिच्याकडेने ६ बाय ६ चे दोन माचे शेजारी-शेजारी, त्यांच्यावर दोन, म्हणजे सोळा माणसं. समोर ४ फूट बोळ उरतो, पेट्या तिथे ठेवून दोराने बांधा. खालचा माचा जमिनीपासून ९ इंच वर घ्या, वरचा त्याच्यापासून ३० इंचांवर, आणि ६ फुटांवर काळ्या कापडाचं छत. मुलांना सरळ बसताच येणार नाही, आणि तेच बघणाऱ्याला दिसायला हवं. समोरून वीतभर उंच फळी मारा, ती नसती तर जहाज कललं की माणूस खाली आला असता. वरच्या थरावर मुलं चढणार असतील तर खांब तीन बाय तीन इंचांचे घ्या आणि बोल्ट लावा, नुसत्या खिळ्यांवर विसंबू नका.

उजेड एका कंदिलाचाच. वादळात वरचं झाकण बंद करत, मग आत ना हवा, ना उजेड.

मीठ_आणि_पीठ:
ब्रेमेनचं जहाज असल्यामुळे मुलांच्या हातात चूल देऊ नका. १८३२ च्या ब्रेमेनच्या नियमानुसार जहाजमालकाला ९० दिवसांचा शिधा भरावा लागे, आणि जेवण जहाजाचा स्वयंपाकी करी. ल हाव्रहून निघणारे शिधा स्वतः आणत, डेकवरच्या चुलीपाशी रांग लावत; वारा सुटला की चूल बंद, मग भात अर्धाकच्चाच खायचा. तुमच्याकडे पत्र्याची ताटली-मग हातात घेतलेली रांग दाखवा.

आकडे १८५५ च्या कायद्यातले घ्या. माणशी कडक बिस्किट-पाव ९ किलो, बटाटे ९ किलो, तांदूळ, ओटचं पीठ आणि वाटाणे-घेवडा प्रत्येकी सुमारे ७ किलो, खारवलेलं डुकराचं आणि गाईचं मांस प्रत्येकी साडेचार किलो, आणि पाणी ६० गॅलन, म्हणजे २२७ लिटर. आठ आठवड्यांच्या प्रवासाला ते दिवसाला जेमतेम चार लिटर पडतं. लाकडी पिंपातलं पाणी पुढे पुढे वास मारू लागे.

धुराचं मशीन लावायचा विचार असेल तर सोडा. मजला शुद्ध करायला डांबराचा धूर खरोखर करत, पण १८५८ च्या सप्टेंबरात हॅम्बुर्गहून निघालेल्या 'ऑस्ट्रिया' या आगबोटीवर त्यासाठी डांबरात बुडवायची तापवलेली साखळी हातातून सुटली, डांबर पेटलं आणि साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. वासासाठी कोपऱ्यात व्हिनेगरची वाटी ठेवा, भरपूर झालं.

गोदाकाठ_नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. माचे ६ बाय ६ चेच सांगते. उतारूंची यादी भिंतीवर लावायची आहे, ब्रेमेनची अस्सल यादी मिळेल का?

डोलकाठी:
नाही. ब्रेमेनच्या त्या काळातल्या याद्या नष्ट झाल्या. हॅम्बुर्गच्या १८५० पासूनच्या शिल्लक आहेत, आणि त्यांत उतारूचं मूळ गावही असतं. पण तुम्हाला न्यूयॉर्कला कप्तानाने दिलेली यादी जास्त उपयोगी पडेल, कारण ती पद्धत १८२० पासून कायद्यानेच होती. रकाने असे करा: नाव, वय, स्त्री-पुरुष, धंदा, कुठला, कुठे जाणार, आणि प्रवासात मृत्यू झाला असल्यास तशी नोंद. 'कुठला' मध्ये प्रशिया, बाडेन, व्युर्टेम्बर्ग, बव्हेरिया असं लिहा, कारण १८७१ पर्यंत जर्मनी नावाचा एक देश झालेला नव्हता. तान्ह्या मुलांचं वय महिन्यांत लिहा. यादी साध्या इंग्रजी अक्षरात असू द्या, गॉथिक, म्हणजे जुनं टोकदार जर्मन वळण पेट्यांवरच्या नावांना वापरा.