आर्मचा लॅपटॉप घ्यावा की इंटेलवरच राहावं?

सत्तरीकर:
चवथीच्या आधी लॅपटॉप घ्यायचाय आणि माझं ठरलंय, आर्मवालाच, म्हणजे मोबाईलमध्ये असतो त्या जातीचा, कमी वीज खाणारा प्रोसेसर असलेला. आमच्या वाळपईला पावसात लाईट गेली की कधी येईल नेम नाही, भावाचा इंटेलवाला तीन तासांत आडवा पडतो आणि पंखा घोंघावतो तो वेगळाच. मित्राचा ॲपलच्या एम१ या आर्म चिपवरचा मॅकबुक एअर बघितला, पंखाच नाही, दिवसभर चालतो. ॲपलने २०२० मध्ये इंटेल सोडायला घेतलं, २०२४ पासून विंडोजमध्येही स्नॅपड्रॅगन एक्स या आर्म चिपवाले आलेत, मग आता एक्स८६ ला, म्हणजे इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरला, का चिकटून राहायचं?

मडगावचा_मुनीम:
बॅटरीचं खरं रे, बाब, पण काम काय करणार ते सांग. आमच्या ऑफिसात एकाने हौसेने घेतला, एका कंपनीचं जीएसटी रिटर्न भरायला डिजिटल सहीचं टोकन लावलं तर ओळखेचना, जुना प्रिंटरही गप्प.

पर्वरी_कोडर:
इंटेलसाठी लिहिलेलं साधं ॲप आर्मच्या विंडोजवर त्यातलाच प्रिझम नावाचा प्रोग्राम भाषांतर करून चालवतो, थोडं हळू का होईना चालतं. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर किंवा टोकन चालवणारा प्रोग्राम, त्याला मात्र हे भाषांतर चालत नाही, तो बनवणाऱ्याने आर्मसाठी वेगळा द्यावा लागतो. दोष प्रोसेसरचा नाहीच.

मडगावचा_मुनीम:
दोष कुणाचाही असो, २० तारखेच्या आत रिटर्न मलाच भरायचं असतं ना!

डिचोलीचा_लिनक्सवाला:
माझा विरोध वेगळाच. बऱ्याच जुन्या इंटेल मशीनलाही पेनड्राईव्ह लावला की लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, सुरू, शाळेत टाकून दिलेले पीसी मी असेच उठवलेत. स्नॅपड्रॅगनच्या लॅपटॉपला मॉडेलगणिक वेगळी डिव्हाइस ट्री, म्हणजे आत कुठे काय जोडलंय त्याची यादी, लागते, ती कुणी लिहिली नाही तर दहा वर्षांनी ते मशीन भंगारात. वेगळंच काही हवं तर रिस्क-फाइव्ह ही प्रोसेसरची तिसरी जात बघ, २०१० मध्ये बर्कलीत सुरू झालं, परवाना फी नाही, आपल्या आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर त्यावरच आहे.

सत्तरीकर:
शक्तीचा अभिमान मलाही आहे, पण त्यावर चालणारा लॅपटॉप दुकानात मिळतो का? मला या चवथीला हवाय. आणि मुनीमबाब, कंपनीला सही लागते हे मान्य, आमचं दुकान बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे, रिटर्न ओटीपीवर जातं. प्रिंटरचं मात्र लक्षात आलं नव्हतं, तो रिक्षात घालून म्हापशाच्या दुकानात नेतो, तिथे लावून एक बिल निघालं तरच पैसे देणार.